रिकामी पिंपं आणि रिसीव्ह रिंग

१३ जानेवारीला, आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या तैलाभिषेकाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास मी एक कमांड मारली आणि पुण्यातला बोर्ड हातातून गेला. जळला-बिळला नाही. एसएसएचची, म्हणजे लांबून बोर्डात शिरायची, खिडकी गोठली, पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर येईना, बस्स. कमांड साधी होती: इथटूलला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडला, कॅपिटल जी देऊन आमच्या नेटवर्क कार्डाची रिसीव्ह रिंग (ती काय, ते पुढे सांगतो) २५६ खणांवरून ४०९६ करायची. आणि तीसुद्धा ज्या इंटरफेसवरून मी बोर्डात शिरलो होतो, त्याच इंटरफेसची. हसायचं तर हसा, मीही नंतर हसलो.

नेटवर्कशिवाय बोर्डाशी बोलू देणारी सीरियल केबल असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण ती कुणीतरी काढून शेजारच्या बोर्डाला लावली होती. लॅबमधला सहकारी संक्रांतीला गावी गेलेला. फोनवर म्हणाला, "आल्यावर बघतो रे, तोवर तिळगूळ खा." बाहेर आमच्या साखर पेठेच्या बोळातून पोरं पांढऱ्या बाराबंदीत मिरवणुकीकडे निघाली होती, लांबून 'हर्र बोला हर्र' ऐकू येत होतं, आणि मी गोठलेल्या खिडकीकडे बघत बसलो होतो.

मी २०२० पासून सोलापुरातूनच काम करतो. कंपनी छोटी आहे. एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर, बांधलेलं स्वतःचं नेटवर्क कार्ड, एआरएम ६४ प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर लिनक्स ६.१. कार्ड चालवणारा ड्रायव्हर आमचाच, मुख्य कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर ठेवलेला. ज्यानं तो मुळात लिहिला तो नोकरी सोडून गेला आणि रिसीव्हचा सगळा भाग माझ्या गळ्यात पडला. तेव्हा माझ्यासमोर दोन तक्रारी होत्या. एक, रिंगचा आकार बदलला की इंटरफेस कधीकधी उठतच नाही. दोन, एका ग्राहकाकडे दर काही दिवसांनी थोडीच माणसं 'नेट बंद' म्हणून ओरडतात, बाकीच्यांचं मात्र व्यवस्थित चालू असतं. पहिली तक्रार मी त्या दुपारी स्वतःच्या हातानं सिद्ध केली.

रिसीव्ह रिंग म्हणजे काय, हे मी एकदा आईला सांगितलं होतं आणि तिनं ते बरोबर धरलं होतं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कधी पहाटे पाचला, कधी रात्री अकराला. वेळ आपण ठरवत नाही. म्हणून पिंपं, घागरी, टाकी आदल्या दिवशीच मोकळी करून, घासून ठेवायची. नळाला पाणी आल्यावर पिंप घासायला घेतलं तर पाणी गटारात. नेटवर्क कार्डाचंही हेच. पॅकेट आल्यावर कार्ड कर्नलला 'जागा दे' असं विचारत बसत नाही, तेवढा वेळच नसतो. १० गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात छोटी, ६४ बाइटची पॅकेटं ओळीनं आली तर दर ६७ नॅनोसेकंदांना एक येतं. त्यामुळे ड्रायव्हरनं रिकाम्या बफरांचे, म्हणजे पॅकेट ठेवायच्या मेमरीतल्या जागांचे, पत्ते आधीच कार्डाच्या हाती देऊन ठेवायचे असतात. ही पत्त्यांची यादी म्हणजे रिंग, आणि यादीतली एकेक ओळ म्हणजे डिस्क्रिप्टर. आमच्या कार्डात तो ३२ बाइटचा आहे. त्यात ड्रायव्हर बफरचा पत्ता लिहितो. कार्ड त्या पत्त्यावर पॅकेट ओततं, मग डिस्क्रिप्टरमध्ये लांबी लिहून 'झालं'चा बिट वर करतं. ड्रायव्हर भरलेला बफर उचलून वरच्या थराकडे पाठवतो, त्याच खणात नवा रिकामा ठेवतो आणि कार्डाच्या टेल रजिस्टरमध्ये आकडा लिहून कळवतो की इथपर्यंत रिकामे आहेत.

यात दोन काटे फिरत असतात. एक 'पुढचं कुठून उचलायचं' आणि दुसरा 'पुढचं कुठे भरायचं'. दोन्ही एकाच खणावर आले तर रिंग भरलेली की रिकामी हे कळत नाही, म्हणून एक खण कायम मोकळा सोडतात. २५६ ची रिंग खरं तर २५५ ची असते. टेल रजिस्टरमध्ये लिहिणं महाग पडतं, कारण ते पीसीआयईवरून, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गावरून, कार्डापर्यंत जातं. म्हणून एकेका बफरला न लिहिता सोळा-सोळाच्या घाऊक हिशोबानं लिहायचं. आणि प्रत्येक पॅकेटला इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारी कार्डाची हाक, घेत बसलं तर प्रोसेसर दुसरं काहीच करणार नाही. म्हणून २००२ च्या २.४.२० पासून कर्नलमध्ये नॅपी नावाची पद्धत आहे. पहिल्या इंटरप्टला दार लावून घ्यायचं, मग आपणच रिंगकडे बघत एका खेपेला जास्तीत जास्त ६४ पॅकेटं उचलायची, आणि उचलण्यासारखं काही उरलं नाही की दार पुन्हा उघडायचं.

आता माझा बोर्ड का गेला? सहकारी चार दिवसांनी आला, केबल लावली आणि कर्नलचा लॉग पाठवला. त्यात एक ओळ होती: पेज अॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५, म्हणजे २ चा ५ वा घात इतकी सलग पानं मेमरीत मिळाली नाहीत. हिशोब सरळ आहे. ४०९६ डिस्क्रिप्टर गुणिले ३२ बाइट म्हणजे १२८ किलोबाइट, आणि कार्डाला ते सलग लागतात. ४ किलोबाइटची पानं धरली तर सलग ३२ पानं. बोर्डाची मेमरी ५१२ मेगाबाइट, तो तीन आठवडे चालू. मोकळी पानं पुष्कळ होती, पण सलग ३२ मिळेनात. हे होणारच. खरी चूक पुढे होती. ड्रायव्हरचा क्रम असा होता: इंटरफेस बंद कर, जुनी रिंग फेकून दे, नवी माग, इंटरफेस चालू कर. नवी मिळाली नाही तेव्हा जुनी आधीच गेलेली. फंक्शनानं इमानदारीत 'मेमरी नाही' असा एरर परत दिला, पण तो वाचायला मी बोर्डावर होतो कुठे?

हे वाचलं आणि मला शेजारच्या अण्णांची टाकी आठवली. अण्णांचा चादरीचा कारखाना आहे, चार लूम, मागच्या खोलीत. दोन उन्हाळ्यांमागे त्यांच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी तळाशी चिरली. थोडं थोडं पाणी झिरपायचं, पण काम चालत होतं. प्लंबर आला, त्यानं सकाळी सकाळी जुनी टाकी हॅक्सॉनं चार तुकडे करून खाली आणली. दुपारी नवी टाकी हातगाड्यावर आली, आणि मग कळलं की ती जिन्यातून वर जात नाही. जुनी बसवली तेव्हा वरचा मजलाच नव्हता! बाहेरून दोरानं चढवावी लागणार, त्याला माणसं हवीत, माणसं परवा येणार. मधल्या रात्री पाणी आलं आणि गेलं. अण्णांच्या घरी चादरी धुण्याच्या हौदापासून सगळीकडे कोरड. ते गच्चीत उभे राहून प्लंबरला तेलुगूत जे बोलले त्यातलं अर्धं मला कळलं, आणि कळलेलं अर्धंसुद्धा इथे लिहिण्यासारखं नाही.

तर मी क्रम उलटवला. आधी नवी रिंग माग, तिचे सगळे बफर भर, सगळं हातात आलं की मग जुनी थांबव, नवी लाव, नवी चालली की जुनी सोड. नवी मिळाली नाही तर एरर दे आणि जुनीला हातही लावू नको. यात किंमत एकच, थोडा वेळ दोन्ही रिंगांची मेमरी एकदम लागते. ४०९६ बफर, प्रत्येकी ४ किलोबाइटचं पान, म्हणजे एका रिंगला १६ मेगाबाइट. आमच्या कार्डाला पॅकेटं घ्यायच्या चार रांगा, प्रत्येकीची रिंग वेगळी, म्हणजे ६४. शिवाय जुन्या. ५१२ च्या बोर्डावर हे जाणवतं. म्हणून मी चारही रांगा एकदम न बदलता एकेक बदलायचं ठरवलं. पण मग तिसऱ्या रांगेला मेमरी कमी पडली तर काय? दोन मोठ्या, दोन लहान असं ठेवायचं की पहिल्या दोन परत लहान करायच्या? मी परत लहान करतो. इथटूल सगळ्या रांगांसाठी एकच आकडा दाखवतं, आणि खोटा आकडा दाखवणारा ड्रायव्हर मला नको. टीममध्ये यावर दोन दिवस वाद झाला. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं.

काम अर्धं झाल्यावर कळलं की मुख्य कर्नलमध्ये हाच विचार २०२४ साली आलेला आहे. तिथे ड्रायव्हरनं एकेका रांगेसाठी चार कामं वेगवेगळी लिहून द्यायची: मेमरी घे, मेमरी सोड, रांग सुरू कर, रांग थांबव. कर्नल नवी मेमरी आधी घेतो, मग जुनी रांग थांबवतो, नवी सुरू करतो, आणि नवी सुरू झाली नाही तर जुनी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करतो. आमच्या ६.१ मध्ये ते नाही. पण मी माझी फंक्शनं त्याच चार तुकड्यांत पाडली, म्हणजे उद्या कर्नल बदलला तर फक्त जोडायचं राहील.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते 'रांग थांबव' या कामानं. ऐकायला चारांतलं सगळ्यात सोपं.

कोडमध्ये आधी रांगेचा इनेबल बिट खाली केला जायचा आणि लगेच बफर सोडले जायचे. बिट खाली केला म्हणजे कार्ड थांबलं असं नसतं. त्याच्या पोटात दोन-चार पॅकेटं असतात, ती ते दिलेल्या पत्त्यांवर ओतूनच मोकळं होतं. तोवर ती पानं कर्नलनं दुसऱ्या कुणाला दिलेली असतात. मग एखाद्या फाइलच्या मधोमध कुणाच्या तरी टीसीपी पॅकेटचे बाइट दिसतात, किंवा काहीच संबंध नसलेल्या ठिकाणी कर्नल कोसळतो. मी मोठ्या विश्वासानं केसॅन लावून बसलो होतो, सोडलेल्या मेमरीला कुणी हात लावला की ते ओरडतं म्हणून. आठवडाभर ते गप्प. नंतर डोक्यात प्रकाश पडला की केसॅन प्रोसेसरनं केलेले व्यवहार बघतं, कार्ड डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहितं तिथे त्याचं कोणीच नाही. शेवटी लॅबमधल्या दुसऱ्या, मोठ्या बोर्डावर काम हलवलं. तिथे एसएमएमयू आहे, म्हणजे कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये बसलेला पहारेकरी. पत्त्याचं मॅपिंग, म्हणजे त्याच्याकडची परवानगीची नोंद, काढलं की त्या पत्त्यावर कार्डाला लिहिता येत नाही. तरी पहिल्यांदा काही सापडलं नाही, कारण मॅपिंग काढणं आळशीपणे, घाऊक पद्धतीनं होत होतं. बूटच्या ओळीत आयओएमएमयूचं (अशा पहारेकऱ्याचं सर्वसाधारण नाव) स्ट्रिक्ट १ केलं, म्हणजे मॅपिंग लगेच काढायला लावलं, आणि पहिल्या तीन मिनिटांत लॉगमध्ये फॉल्टची ओळ पत्त्यासकट आली. तो पत्ता नुकत्याच सोडलेल्या बफरचा होता. त्या रात्री मी आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं की. झोप आता."

आता थांबवण्याचा क्रम असा: इंटरप्ट बंद, चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांब, नॅपी डिसेबल, मग कार्डाला थांबायला सांग, आणि कार्ड स्वतः 'मी मोकळं झालो' असा बिट वर करेपर्यंत वाट बघ. तो बिट आमच्या एफपीजीएत नव्हता. हार्डवेअरवाल्यांना विनवून घालून घेतला. ते म्हणत होते, दहा मिलिसेकंद झोप घे, तेवढ्यात होतंच. होतं हो, पण दहाव्या वेळी होत नाही आणि ती दहावी वेळ ग्राहकाकडेच येते.

मग दुसरी तक्रार, थोड्या माणसांचं नेट बंद होण्याची. आमच्या चार रांगांत पॅकेट कुठे जाणार हे पाठवणारा-घेणारा पत्ता आणि पोर्ट यांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांच्यापासून काढलेल्या एका आकड्यावरून, ठरतं. म्हणजे एक रांग मेली तर साधारण पाव जोडण्या मरतात, बाकीच्या बिनघोर चालतात. म्हणून ग्राहकाकडच्या एखाद्या साहेबांचं चालायचं आणि त्यांच्या शेजारच्या टेबलाचं नाही. इंटरफेस खाली-वर केला की सगळं ठीक, त्यामुळे कुणी खोलात गेलं नव्हतं. रांग का मरते? नॅपीच्या खेपेत ड्रायव्हर भरलेले बफर उचलतो आणि त्याच खेपेत नवे रिकामे भरतो. मेमरीची तंगी असेल तेव्हा नवं पान मिळत नाही. 'पुढच्या खेपेला भरू' म्हणून तो निघून जातो. असं लागोपाठ झालं आणि रिंगमधला शेवटचा रिकामा बफरही संपला, की कार्डाकडे ओतायला जागा नाही. जागा नाही म्हणून ते पॅकेटं टाकून देतं. टाकून दिलेल्या पॅकेटाचा इंटरप्ट येत नाही. इंटरप्ट नाही म्हणून नॅपीची खेप नाही, खेप नाही म्हणून कुणी बफर भरत नाही. नंतर मेमरी कितीही मोकळी होवो, ती रांग तशीच बसून राहणार. कार्डाच्या 'बफर नाही' काउंटरचा आकडा मात्र तेवढा पळत असतो. ग्राहकानं पाठवलेल्या इथटूलच्या आकड्यांत तो होताच, आम्हीच बघितला नव्हता.

इथे पिंपाचा दाखला तुटतो. पिंपं भरलेली आहेत आणि नळ वाहतोय हे आईला आवाजावरून कळतं. ड्रायव्हर बहिरा.

हे घरबसल्या घडवून आणायला कर्नलमध्ये सोय आहे. डीबगएफएसमधून, म्हणजे कर्नलच्या चाचणीसाठीच्या फाइलींतून, पान-वाटप मुद्दाम नापास करता येतं. त्यातही माझा अर्धा दिवस गेला, कारण तिथे किमान ऑर्डर मुळात १ असते, म्हणजे एकट्या पानाची मागणी कधी नापासच होत नाही, आणि मी मागत होतो एकेकटी पानं. ती ० केली, शंभरातल्या नव्वद मागण्या नापास करायला लावल्या, आणि चहा पिऊन येईपर्यंत दोन रांगा मेल्या होत्या. मी एवढा खूश आयुष्यात कमी वेळा झालोय.

उपाय दोन दिसत होते. काही मोठे ड्रायव्हर असं करतात की बफर भरता आला नाही तर नॅपीला 'माझं काम संपलं नाही' असं सांगतात. मग कर्नल त्यांना पुन्हा पुन्हा बोलावत राहतो, मेमरी मिळेपर्यंत. मी ते करून बघितलं. मोठ्या सर्व्हरला चालत असेल, आमच्या चार कोअरच्या बोर्डावर एक कोअर पूर्ण त्यातच अडकला. मेमरीची तंगी असताना असा कोअर खाणं म्हणजे आगीत तेल. दुसरा उपाय, थोड्या वेळानं उठवणारं काहीतरी ठेवायचं. आमच्या ६.१ मधला, व्हर्चुअल मशीनला नेटवर्क देणारा व्हर्टिओचा ड्रायव्हर उशिरानं चालणारं काम लावून ठेवतो. मी तेच धरलं आणि माती खाल्ली.

माझ्या कामानं थेट बफर भरणारं फंक्शन बोलावलं. बफरांची पानं आम्ही पेज पूलमधून घेतो. २०१८ च्या ४.१८ पासून कर्नलमध्ये आहे तो. वापरलेली पानं मॅपिंगसकट परत घेऊन पुन्हा देतो, त्यामुळे वेग छान मिळतो. त्याचा आतला छोटा साठा, १२८ पानांचा, बिनकुलपाचा आहे, म्हणजे एका वेळी एकच हात लागेल अशी राखण त्यात नाही. कुलूप नाही कारण त्याला हात लावणारा एकच असतो, त्या रांगेची नॅपी. ही अट आहे. माझं काम दुसऱ्या कोअरवरून त्यात हात घालत होतं, तेव्हाच नॅपीही. परिणाम असा की तेच पान दोन डिस्क्रिप्टरांना गेलं, आणि एका पॅकेटात दुसऱ्याचे बाइट. व्हर्टिओवाल्यांनी बफर भरण्याआधी नॅपी डिसेबल केलेली असते, ती ओळ मी वाचली होती आणि 'आपल्याला कशाला' म्हणून सोडली होती.

मग कामाला फक्त एवढंच करू दिलं की नॅपीला उठव, भरणं तीच भरेल. तर लॉगमध्ये नवी कुरकुर: सॉफ्टआयआरक्यू पेंडिंग ०८, म्हणजे इंटरप्टनंतर करायला ठेवलेलं काम पडून आहे. शून्यापासून मोजलं तर तिसरा बिट, म्हणजे नेटवर्क रिसीव्ह. साध्या प्रोसेसच्या जागेवरून नॅपीला उठवलं तर तिचं काम नोंदलं जातं, पण ते लगेच सुरू करणारं कुणी नसतं, आणि कोअर तसाच झोपायला निघतो. उठवण्याआधी बॉटम हाफ, म्हणजे हीच मागे ठेवलेली कामं, बंद करून नंतर उघडले तर उघडताना ते चालतं. मी सरळ टायमरवर गेलो. टायमर सॉफ्टआयआरक्यूमध्येच चालतो, प्रश्नच मिटला. आता रिंगमध्ये ३२ पेक्षा कमी बफर उरले आणि भरता आले नाहीत, तर १० मिलिसेकंदांचा टायमर. बंद करताना आधी नॅपी डिसेबल आणि मग टायमर काढणं, हाच क्रम. उलट केलं तर काढलेला टायमर नॅपीची शेवटची खेप पुन्हा लावून जाते.

एआरएमवरचा एक किडा यातच सापडला. 'झालं'चा बिट वाचल्यावर लांबी वाचायच्या आधी डीएमएचा रीड बॅरिअर, म्हणजे 'आधी हे वाच, मगच ते' अशी सक्ती, लागतो, नाहीतर प्रोसेसर लांबी आधीच वाचून ठेवू शकतो, म्हणजे शिळी. माझ्या घरच्या इंटेल मशीनवर हे कधी दिसलं नव्हतं. एक ओळ. सहा महिने '० लांबीचं पॅकेट' म्हणून लॉगमध्ये येत होतं, आणि आम्ही एफपीजीएवाल्यांना शिव्या देत होतो.

सगळं पॅच रिव्ह्यूला टाकलं. टीममधल्या मॅडम कर्नलमध्ये माझ्यापेक्षा खूप मुरलेल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुनी रिंग सोडताना तिच्यातल्या काउंटरांचं काय?" पॅकेटं, बाइट, नापास मागण्या हे सगळे आकडे मी रिंगच्या स्ट्रक्चरमध्येच ठेवले होते. रिंग बदलली की आकडे शून्यावर. ग्राहकाच्या आलेखात एकदम खड्डा. ते एक. पण दुसरं जास्त वाईट. एकूण आकडे वाचणारं फंक्शन नेटवर्क सेटिंगांच्या मोठ्या आरटीएनएल कुलपाशिवायही बोलावलं जातं, प्रॉकमधली नेटवर्कची फाइल वाचली की ते फक्त आरसीयूच्या, म्हणजे कुलूप न लावता वाचू देणाऱ्या सोयीच्या, छताखाली चालतं. म्हणजे मी जुनी रिंग सोडत असताना कुणीतरी तिच्यातलेच आकडे मोजत असू शकतं. मी गप्पच झालो. आकडे रिंगमधून काढून रांगेच्या कायमच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवले, दोन्ही प्रश्न गेले.

त्यांची दुसरी नोंद एका छोट्या ओळीबद्दल होती. मी लॉग जोडला होता त्यात दर ६० सेकंदांनी पेज पूल म्हणत होता, बंद व्हायचं राहिलंय, एक पान बाहेर आहे. मी ते सोडून दिलं होतं, एकच तर पान. त्या म्हणाल्या, "एक कुठलं ते सांगा, मग मंजूर करते." दीड दिवस लागला. मोठी पॅकेटं दोन-तीन बफरांत तुकड्यांनी येतात. पहिला तुकडा आलाय, दुसरा यायचाय, अशा क्षणी रांग थांबवली तर ते अर्धवट पॅकेट स्ट्रक्चरच्या एका पॉइंटरला लटकून राहत होतं. ते सोडायला कुणी नाही. एकच पान, दर रिंगबदलाला एक.

शेवटची चाचणी मी एका शनिवारी रात्री लावली. एकीकडून आयपर्फनं पॅकेटांचा भडिमार, दुसरीकडून दर पाच सेकंदांनी रिंग २५६, मग ४०९६, मग २५६, आणि मधूनमधून मेमरी नापास. पहाटे अण्णांच्या लूमची खटखट सुरू झाली तेव्हा उठून बघितलं. सहा हजारांवर बदल झाले होते. तीनशेच्या आसपास वेळा 'मेमरी नाही' आलं होतं, आणि प्रत्येक वेळी जुनी रिंग चालूच राहिली होती. एसएसएचची खिडकी रात्री उघडली तीच होती. आई म्हणाली, "काय करायलास इतक्या सकाळी? पाणी यायलंय, खाली जा."

रांगांची संख्या बदलायचं काम अजून जुन्याच पद्धतीनं होतं, आधी बंद मग उघडा. ते पुढच्या महिन्यात. तोवर पुण्यातल्या सहकाऱ्याला सांगून बोर्डाला सीरियल केबल लावून घेतलीय. त्यानं तिच्यावर चिकटपट्टी लावून स्केचपेननं लिहिलंय: 'सोलापूरची केबल, काढू नये.' फोटो पाठवला होता.